धुळीच्या शेडमधले हिटर आणि त्यांचे थर्मोस्टॅट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमची शेड कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात आहे. एका पत्र्याखाली पाच धंदे चालतात. एकाचं फेटलिंग-ग्राइंडिंग (ओतीव माल घासून साफ करणं), एकाची शेल कोअरची (ओतकामाच्या साच्यात ठेवायचे रेझिनच्या वाळूचे गाभे) दोन मशीन, एक वेल्डिंगवाला, एकाचा पावडर कोटिंगचा छोटा ओव्हन, आणि मागच्या कोपऱ्यात लाकडी पॅटर्न करणारे मिस्त्री. भाडं वेगळं, मीटर वेगळे, धूळ मात्र सगळ्यांची एकच. हिटरच्या पॅनेलची आणि तापमान बघून हिटर चालू-बंद करणाऱ्या थर्मोस्टॅटची देखभाल माझ्याकडे असते. तेच तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, आणि बरेचदा सोमवारी, सुट्टीच्या दिवशी, फोनवर. म्हणून एकदाच लिहून काढतोय.

धुळीनं थर्मोस्टॅट खरंच बिघडतो का? की विकणारे उगाच सांगतात?

बिघडतो, पण बंद पडून नाही. आधी तो खोटं बोलायला लागतो. बंद पडलेला परवडला, काम थांबतं आणि माणूस बघायला येतो. खोटं बोलणारा महिनोन्महिने माल खराब करतो आणि दोष वाळूला, रेझिनला नाहीतर पोराला लागतो.

धूळ चार ठिकाणी त्रास देते. सेन्सरच्या टोकावर थर बसला की ते गोधडी पांघरल्यासारखं होतं. ओव्हन तापलेला त्याला उशिरा कळतो, तोवर तापमान पुढे निघून गेलेलं असतं. कॉन्टॅक्टच्या, म्हणजे स्विचमधल्या एकमेकांना टेकणाऱ्या तुकड्यांच्या, मध्ये कण अडकला की ठिणगी जास्त उडते, कॉन्टॅक्ट खडबडीत होतो आणि एक दिवस चिकटून बसतो. कंट्रोलर (आकडे दाखवणारा डिजिटल थर्मोस्टॅट) आणि एसएसआर (हलता भाग नसलेला इलेक्ट्रॉनिक स्विच) यांच्या अंगावर धूळ साचली की त्यांची उष्णता बाहेर पडत नाही. चौथी गोष्ट आमच्या गावाची खास. आपली धूळ नुसती माती नसते. बिडाच्या ग्राइंडिंगची भुकटी लोखंडाची असते, मोल्डला फासायच्या ग्राफाइटची काळी पूड असते, आणि या दोन्हींतून वीज वाहते. कोरड्या हवेत चालून जातं, पण जूनमध्ये हवा ओली झाली की हीच पूड टर्मिनलपासून टर्मिनलपर्यंत वाट करते.

आमच्या हिटरवर कुठला थर्मोस्टॅट आहे, ते कसं ओळखायचं?

फिरवायची चकती आहे आणि तिच्यामागून केसासारखी बारीक तांब्याची नळी ओव्हनमध्ये गेलीय, तर तो कॅपिलरी. नळीच्या टोकाच्या बल्बमध्ये द्रव असतो, तापला की फुगतो आणि स्विच दाबतो. चकती आहे पण नळी नाही, उघडल्यावर आत वाकणारी पट्टी दिसते, तर तो बायमेटल. दोन धातू एकमेकांना चिकटवलेले, एक जास्त प्रसरण पावतो, दुसरा कमी, म्हणून पट्टी वाकते. आकडे दिसत असतील तर डिजिटल कंट्रोलर, आणि त्याला बहुतेकदा थर्मोकपल (दोन वेगळ्या धातूंच्या तारांचा सेन्सर) नाहीतर पीटी-१०० (तापमानाप्रमाणे रोध बदलणारा सेन्सर) जोडलेला असतो. पीटी-१०० मल्टिमीटरवर लगेच ओळखू येतो. शून्य अंशाला १०० ओहम, शंभर अंशाला साधारण १३८.५. खोलीच्या तापमानाला ११० च्या आसपास दाखवला तर तोच.

रॉड ओव्हनला, म्हणजे वेल्डिंगचे रॉड कोरडे ठेवायच्या ओव्हनला, आमच्याकडे कॅपिलरी आहे, शेल कोअरच्या मशीनला आणि पावडरच्या ओव्हनला डिजिटल.

कॉम्प्रेसरची हवा मारून साफ केलं तर?

नको. सगळे करतात, मीही आधी केलंय, तरी नको.

हवेनं धूळ जात नाही, आत जाते. बाहेर जी अलगद बसलेली असते ती कॉन्टॅक्टरच्या (चुंबकानं मिटणारा मोठा स्विच) फटीत, रिलेच्या खाचेत, कंट्रोलरच्या मागच्या जाळीत ठोकून बसते. शिवाय आपल्या कॉम्प्रेसरच्या टाकीचं पाणी किती दिवसांत काढलंय ते आठवून बघा. त्या हवेत पाणीही असतं आणि तेलही. तेलावर धूळ बसली की ती पुढच्या वेळी ब्रशनंही निघत नाही.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. फौंड्रीच्या धुळीत सिलिका असते. त्यातले जे कण डोळ्यांना दिसत नाहीत तेच फुप्फुसात खोल जाऊन बसतात आणि सिलिकोसिस करतात. तो बरा होत नाही. हवा मारणारा एकटा नसतो, शेडमधले पाचही धंदे ती हवा ओढतात. तोंडाला बांधलेला रुमाल इथे उपयोगाचा नाही, किमान एन-९५ हवा.

मग साफ कसं करायचं, आणि किती दिवसांनी?

आठवड्यातून एकदा. आमच्याकडे ते रविवारी संध्याकाळी होतं, कारण सोमवारी शेड बंद असते.

आधी मेन आयसोलेटर बंद, त्याला कुलूप, किल्ली खिशात. सामायिक शेडमध्ये कुलपाशिवाय पॅनेल उघडायचं नाही, कारण पलीकडच्याला मशीन चालत नाही एवढंच दिसतं आणि तो येऊन खटका वर करतो. मग मल्टिमीटरनं फेज ते न्यूट्रल आणि फेज ते अर्थ तपासायचं. नुसत्या टेस्टरच्या दिव्यावर विसंबू नका, कधी वीज असून लागत नाही तर कधी नसताना लुकलुकतो.

त्यानंतर दोन इंची रंगाचा मऊ ब्रश एका हातात, व्हॅक्यूम क्लीनरची नळी दुसऱ्या हातात. ब्रशनं सोडवायची, नळीनं ओढायची, वरून खाली. नळीचं तोंड प्लास्टिकचं असू द्या. सेन्सरचं टोक बाहेर काढून कोरड्या फडक्यानं पुसायचं. शेवटी प्रत्येक टर्मिनलचा स्क्रू हातानं तपासायचा. हिटरच्या वायरा रोज तापतात, रोज थंड होतात, त्यात स्क्रू ढिले होतात. लग (वायरच्या टोकाची धातूची टोपी) काळा पडलेला किंवा वायरचं आवरण लगापाशी तपकिरी झालेलं दिसलं तर तो स्क्रू आवळून भागत नाही. लग कापून नवा मारायचा.

या सगळ्याला वीस मिनिटं लागतात.

पॅनेलला प्लास्टिकचा कागद गुंडाळला तर धूळ जाणारच नाही ना?

धूळ जाणार नाही, आणि उष्णताही बाहेर येणार नाही. बहुतेक कंट्रोलर ५० ते ५५ अंशांपर्यंतच्या हवेत काम करतात. एप्रिल-मे महिन्यात आपल्या पत्र्याखाली बाहेरच ३८-४० असतं, बंद पेटीत कॉन्टॅक्टर आणि एसएसआर यांची उष्णता धरली तर पन्नास सहज ओलांडतं. मग आकडे भरकटतात.

कागदापेक्षा पेटी चांगली घ्या. आयपी-५४ म्हणजे त्रास होईल इतकी धूळ आत शिरत नाही, आयपी-६५ म्हणजे धूळ अजिबात नाही. पण पेटी कितीही महाग असली तरी वायरमननं वरून भोक पाडून ग्लँड (भोकात वायरभोवती घट्ट बसणारं बूच) न लावता वायर घातली की ती सरकारी टपालपेटी झाली. केबल नेहमी खालून घ्यायची, प्रत्येक भोकाला ग्लँड, रिकाम्या भोकाला बूच. आणि पॅनेल ग्राइंडरच्या ठिणग्यांच्या रेषेत नको. आमचं एक पॅनेल तसं होतं. तीन फूट बाजूला घेतलं, खर्च फक्त केबलचा आला, आणि आतली धूळ डोळ्याला दिसण्याइतकी कमी झाली.

कंट्रोलर २४० दाखवतो, पण कोअर कधी कच्चे निघतात, कधी जळतात. कंट्रोलर बदलू का?

आधी सेन्सर जिथे बसतो ते भोक बघा.

शेल कोअरच्या मशीनवर हेच सगळ्यात जास्त वेळा घडतं. कोअर बॉक्स, म्हणजे कोअरचा साचा, २२० ते २६० अंशांच्या मधे कुठेतरी तापवलेला असतो आणि त्याच्या पोटात थर्मोकपलसाठी भोक असतं. शूट करताना रेझिनची वाळू उडते, थोडी त्या भोकात जाते. तिथे ती शिजते आणि खडा होते. पुढच्या वेळी पोरगा बॉक्स बदलतो, थर्मोकपल घालतो, तो तळाला टेकायच्या आधीच खड्यावर अडतो. चार-पाच मिलिमीटरची फट. आता टोकाला धातूची नाही, फटीतल्या हवेची गरमी लागते. बॉक्स २७० झाला तरी सेन्सर म्हणतो २४०. कंट्रोलर बिचारा जे ऐकतो ते दाखवतो.

एकदा काय झालं सांगतो. एका बाजूचे कोअर चॉकलेटी-काळे, दुसऱ्या बाजूचे पिवळे. नीट शिजलेला शेल कोअर मधाच्या रंगाचा असतो, पिवळट म्हणजे कच्चा, काळपट म्हणजे करपलेला आणि ठिसूळ. दोन कंट्रोलर बदलून झाले होते. शेवटी बॉक्स थंड करून भोकात त्याच मापाचं ड्रिल हातानं फिरवलं, तर चिमूटभर काळा चुरा पडला. थर्मोकपल पूर्वीपेक्षा नखभर जास्त आत गेला. संध्याकाळपर्यंत दोन्ही बाजूंचा रंग एक झाला.

तेव्हापासून थर्मोकपलवर पांढऱ्या मार्करनं खूण केलीय, किती आत जायला हवा ती. खूण बाहेर दिसली तर भोकात वाळू आहे. स्प्रिंगनं दाबून बसणारा बायोनेट थर्मोकपल मिळतो, तो घेतला तर टोक सतत तळाला टेकून राहतं.

आकडा खरा आहे की नाही हे शेडमध्येच तपासता येतं का?

दोन ठिकाणी येतं. बर्फ बारीक कुटून त्यात थोडं पाणी, लापशीसारखं, त्यात सेन्सर हलवत धरा. शून्य दाखवायला हवं. मग उकळतं पाणी. इथे एक गंमत आहे. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास आहे, त्यामुळे आपल्याकडे पाणी ९८ अंशांनाच उकळतं. कंट्रोलर ९८ दाखवतोय म्हणून ऑफसेटमध्ये (आकड्यात दुरुस्ती करायच्या सेटिंगमध्ये) दोन वाढवू नका. एकानं तसं केलं होतं, आणि वर मला पुस्तक दाखवत होता.

२४० अंशांची खात्री बर्फावरून होत नाही. त्यासाठी दुसरा, चांगला थर्मोकपल आणि हातातला मीटर घेऊन कामाच्या तापमानाला शेजारी लावून बघायचं. मोठ्या गिऱ्हाईकाला दाखला लागत असेल तर एनएबीएल मान्यता असलेल्या प्रयोगशाळेतून कॅलिब्रेशन करून घ्या, दुसरा इलाज नाही.

लेझरची बंदूक मारून तापमान घेणाऱ्यांसाठी: ती चकचकीत धातूवर खूप कमी दाखवते. ॲल्युमिनियमच्या उजळ पृष्ठभागावर तर ती भरवशाचीच नाही. एक जागा उष्णता सोसणाऱ्या काळ्या रंगानं रंगवून ठेवा आणि नेहमी तिथेच मारा.

थर्मोकपल बदलला आणि तेव्हापासून सगळंच बिनसलं.

तीन शक्यता, आणि तिन्ही मी पाहिल्यात.

एक, प्रकार चुकला. दुकानात के आणि जे दोन्ही मिळतात, बाहेरून सारखेच दिसतात. सेन्सर के आणि कंट्रोलरमध्ये जे निवडलेला असेल तर खरे २५० असताना पडद्यावर २०० सुद्धा दिसत नाहीत, आणि हिटर मात्र सुसाट. मेनूमध्ये जाऊन प्रकार जुळवा.

दोन, प्लस-मायनस उलटं. ओव्हन तापतो तसा आकडा खाली जातो. हा गोंधळ रंगांमुळे होतो. एका पद्धतीत के प्रकाराची हिरवी वायर प्लस आणि पांढरी मायनस, अमेरिकी पद्धतीत पिवळी प्लस आणि लाल मायनस. आपला वायरमन लाल बघितली की प्लसला लावतोच. त्याला दोष नाही, आयुष्यभर तेच केलंय. खात्री करायची तर लोहचुंबक घ्या. के मध्ये मायनसची तार चुंबकाला ओढली जाते, जे मध्ये प्लसची.

तीन, वायर कमी पडली म्हणून साधी तांब्याची वायर जोडली. थर्मोकपलला त्याचीच जोडवायर लागते. सेन्सरचं डोकं ७० अंशांवर आणि पॅनेल ३५ वर असेल, तर मधल्या तांब्यामुळे आकडा तेवढा, म्हणजे ३५ अंशांनी कमी दिसतो. ओव्हन तेवढाच जास्त तापतो.

यातच चौथी भर. वायरचं आवरण घासून दोन तारा वाटेत कुठेतरी एकमेकींना टेकल्या, तर कंट्रोलरला त्या जागेचं तापमान दिसतं, ओव्हनचं नाही. तार तुटली तर बहुतेक कंट्रोलर ओळखतात आणि हिटर बंद करतात. टेकली तर ओळखत नाहीत. पडद्यावर चाळीस-पन्नास दिसत राहतं आणि आत कॉइल लाल.

कॉन्टॅक्टर घूं-घूं करतो, कधी खडखडतो.

चुंबकाच्या दोन तोंडांमध्ये धूळ बसलीय, पूर्ण मिटत नाही. वीज बंद करून उघडा, दोन्ही तोंडं कोरड्या फडक्यानं पुसा. तेल-ग्रीस लावू नका. तरी आवाज आला तर कॉइलला व्होल्टेज पुरेसं येतंय का बघा.

कॉन्टॅक्ट काळे पडलेत. पॉलिश पेपर मारू?

अजिबात नको. ते चांदीच्या मिश्रणाचे असतात, आणि चांदीवरचा काळेपणा वीज अडवत नाही. पेपर मारला की चांदी निघून जाते आणि वर वाळूचे कण रुतून बसतात. खड्डे पडले असतील, मणी तयार झाले असतील, तर कॉन्टॅक्टचं किट बदला. फवाऱ्यात मिळणारा कॉन्टॅक्ट क्लीनर चालतो, वीज बंद असताना, आणि तो पूर्ण उडून गेल्यावरच चालू करायचं. गंजावर मारायचा तेलकट स्प्रे मात्र नको. चांदीकामाच्या हुपरीला चांदी गेल्यासारखा हा प्रश्न माझ्याकडे दर महिन्याला येतो.

नवा कॉन्टॅक्टर दोन महिन्यांत गेला. माल बोगस होता का?

असूही शकतो. पण आधी कंट्रोलरमधला सायकल टाइम, म्हणजे हिटर किती सेकंदांनी चालू-बंद होतो ते, बघा. तो एसएसआरसाठी दोन सेकंद ठेवलेला असतो आणि आपण पुढे कॉन्टॅक्टर लावतो. दोन सेकंदांना एकदा म्हणजे तासाला १८००, आठ तासांच्या पाळीत १४,४००, महिन्याचे पंचवीस दिवस धरले तर साडेतीन लाखांच्या वर उघडझाप. कुठला कॉन्टॅक्टर टिकेल? वीस सेकंद ठेवा. ओव्हनचं लोखंड जड असतं, वीस सेकंदांत तापमान काही पळून जात नाही.

भारही बघून घ्या. ३ किलोवॉटचा हिटर २३० व्होल्टवर १३ अँपिअर घेतो, तो सोळा अँपिअरच्या थर्मोस्टॅटवर थेट चालतो. ६ किलोवॉट म्हणजे २६ अँपिअर. तिथे थर्मोस्टॅटनं फक्त कॉन्टॅक्टरची कॉइल चालवायची.

एसएसआर लावला तर धुळीची कटकट संपेल?

कॉन्टॅक्टची संपेल, उष्णतेची सुरू होईल. एसएसआर दर अँपिअरमागे साधारण एक ते दीड वॅट उष्णता सोडतो, पंचवीस अँपिअरला एका छोट्या सोल्डरिंग आयर्नइतकी. ती हीट सिंकच्या पात्यांतून जाते, आणि पात्यांमध्ये ग्राइंडिंगची भुकटी भरली की जात नाही. पाती उभी राहतील असाच बसवा, म्हणजे हवा खालून वर जाते.

आणखी एक. एसएसआर मरतो तेव्हा बहुतेकदा शॉर्ट होऊन मरतो. म्हणजे मेल्यावर हिटर चालूच.

मग असं झालं तर ओव्हन थांबवणार कोण?

हा प्रश्न फार थोडे विचारतात.

आमच्या रॉड ओव्हनचा कॉन्टॅक्टर एका शनिवारी रात्री चिकटला. थर्मोस्टॅटनं आपलं काम केलं, कॉइल सोडली, पण कॉन्टॅक्ट वेल्ड झाले होते. सकाळी पॅटर्नवाले मिस्त्री आले तर पत्र्याखाली धूर, ओव्हनच्या दाराचा रंग फुगून पापुद्रे सुटलेले, आतल्या रॉडचं फ्लक्स हात लावला की गळून पडत होतं. शेजारी त्यांची सागवानाची फळकुटं रचलेली होती. पेटली नाहीत, एवढंच.

म्हणून आता प्रत्येक हिटरला दुसरा, स्वतंत्र थर्मोस्टॅट आहे. स्वतःचा सेन्सर, स्वतःचा कॉन्टॅक्टर, कामाच्या तापमानापेक्षा तीस-चाळीस अंश वर सेट केलेला, आणि एकदा पडला की हातानं बटण दाबल्याशिवाय परत चालू न होणारा. मुद्दाम हातानं. कारण तो पडला म्हणजे पहिल्यात काहीतरी बिघडलंय, आणि ते कुणीतरी बघायला हवं. त्याच कॉन्टॅक्टरला आणि त्याच सेन्सरला दुसरा कंट्रोलर जोडणं म्हणजे एकाच दाराला दोन कड्या आणि बिजागरी मोडकी. वर्षातून दोनदा त्याचं सेटिंग मुद्दाम खाली आणून तो खरंच पडतो का बघा.

कॅपिलरीवाल्यांनी एक लक्षात ठेवायचं. नळी चिरून द्रव गळाला तर साध्या कॅपिलरीला ओव्हन कायम थंडच वाटतो. नळी घडी पडेल अशी वाकवू नका, आणि ती पत्र्यातून जाते तिथे आवरण घाला.

सेटिंग आपोआप बदलतं का? आम्ही १२० ठेवतो, सकाळी ८० असतं.

आपोआप नाही. डब्यामुळे.

आमच्याकडे हे कोडं तीन आठवडे चाललं. वेल्डिंगच्या जोडात बारीक भोकं येत होती, रॉड नवे, अर्थिंग ठीक. कॅपिलरी बदलायच्या बेतात होतो. एक दिवस दुपारी दीडला पाणी प्यायला आलो तर रॉड ओव्हनच्या तळाशी स्टीलचे चार डबे. भाकरी करपू नये म्हणून चकती खाली फिरवलेली, आणि जेवण झाल्यावर वर करायची राहिलेली. वरून आमटीची वाफ थेट लो-हायड्रोजन रॉडवर. जो ओव्हन रॉड कोरडे ठेवायला घेतला त्यातच आम्ही ते वाफवत होतो.

“लई नाही ओ, धाच मिनटं ठेवतोय,” असं उत्तर मिळालं.

डब्यांसाठी वेगळी पेटी केली, जुना इस्त्रीचा एलिमेंट नाही, साधी बाजारातली डबे गरम करायची पेटी. रॉड ओव्हनच्या चकतीवर झाकण आणि कुलूप. डिजिटल कंट्रोलरमध्ये सेटिंग लॉक करायची सोय असते, ती वापरा. पॅनेलच्या दारावर आतून कागद चिकटवा: कुठलं मशीन, किती अंश, कुणी, कधी बदललं. खडूनं लिहिलेलं धुळीत पुसलं जातं.

पावसाळा सुरू झाला की हिटर चालू करताच आरसीसीबी (वीज गळाली की पडणारा खटका) पडतो.

हिटरच्या नळीत मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड असते, ती दमट हवेतला ओलावा ओढते. जुलैत आठवडाभर बंद असलेला हिटर हमखास असं करतो. आरसीसीबी काढून टाकणं हा उपाय नाही. हिटर काढून दुसऱ्या ओव्हनमध्ये १२०-१५० अंशांना काही तास वाळवा, मग ५०० व्होल्टच्या मेगरनं (इन्सुलेशन तपासायच्या मीटरनं) बघा. एक मेगओहमच्या वर आला तर लावा. वारंवार होत असेल तर टोकाचं सील गेलंय, हिटर बदला.

पुराचं पाणी पॅनेलमध्ये गेलं होतं. वाळवून चालेल?

२०१९ आणि २०२१ च्या पुरानंतर हे सगळीकडे विचारलं गेलं. हिटर, बसबार, रिकामी पेटी धुऊन, वाळवून, मेगर करून चालते. कंट्रोलर, एसएसआर, थर्मोस्टॅट, एमसीबी, आरसीसीबी टाकून द्या. पंचगंगेचा गाळ वाळला तरी त्यांच्या आत राहतोच, आणि पुढच्या दमट दिवशी पुन्हा ओला होतो.

खंडेनवमीला काय काळजी घ्यायची?

पूजा करा, पण कंट्रोलरची जाळी सोडून. दसऱ्यानंतरच्या आठवड्यात मी जे पॅनेल उघडतो त्यात कुंकू निघतं, एकदा झेंडूच्या पाकळ्या फिल्टर पंख्यात अडकलेल्या होत्या. नारळ फोडायचा तो उंबऱ्यावर, ओव्हनवर नको, पाणी थेट टर्मिनल बॉक्समध्ये जातं. आदल्या दिवशीची पाण्याची पाइप पॅनेलपासून लांब. बाकी वर्षातली सगळ्यात चांगली साफसफाई त्याच दिवशी होते, हे मान्यच करावं लागेल.

लाकडाचा भुसा आणि हिटर एका छपराखाली चालतात का?

उघड्या कॉइलचा हिटर असेल तर नाही. भुसा गरम पृष्ठभागावर साचला की ज्योत न दिसता आतल्या आत धुमसत राहतो, आणि माणसं घरी गेल्यावर पेटतो. ओव्हनच्या माथ्यावर काही ठेवायचं नाही, रोज झाडायचं. भुसा किंवा ॲल्युमिनियमची बारीक भुकटी हवेत उडवणं तर स्फोटाला निमंत्रण.

पॅनेलमध्ये पाल मेलेली सापडली.

रिकाम्या भोकाला बूच नाही. वर लिहिलंय.

थर्मोस्टॅट गेलाय, दुकान बंद आहे, माल संध्याकाळी द्यायचा आहे. वायर थेट जोडून चालवू का?

नाही. “मी समोर उभा राहतो” म्हणणारा चहाला जातोच. जादा कॅपिलरी, एक के थर्मोकपल आणि एक कॉन्टॅक्टर मागच्या कपाटात प्लास्टिकच्या डब्यात बंद करून ठेवलेले आहेत. किल्ली पॅटर्नवाल्या मिस्त्रींकडे असते. वापरलं तर कपाटाच्या दारावरच्या वहीत लिहा, म्हणजे मंगळवारी मी नवं आणून ठेवतो.